धाकटीचं वाटप

मंडळाची माणसं यायला अजून अवकाश होता आणि परसातलं धुकंही उठायचं नाव घेत नव्हतं. बारकी छोटी कात्री घेऊन मागच्या भिंतीपाशी गेली, धाकटीसमोर वाकली, आणि वाकली ती तशीच राहिली.

धाकटी म्हणजे गुलाब. अण्णांनी दुकानात घड्याळं दुरुस्त करता करता, उरल्यासुरल्या वेळात, बियांपासून वाढवून काढलेली स्वतःची जात. थोरला दादा आणि मधली ताई अशी दोन मुलं घरात होती तेव्हा तिला पहिलं फूल आलं. सायीच्या रंगाचं, कडेला जराशी लाली, आणि वास सोललेल्या सफरचंदाचा. अण्णांनी कौतुकाने तिचं नाव धाकटी ठेवलं. मग कोणाच्या ध्यानीमनी नसताना घरात तिसरं मूल आलं. धाकटीची जागा आधीच भरलेली, म्हणून त्या मुलीला बारकी म्हणायला लागले. आपण एका झाडाच्या पाठची बहीण आहोत याबद्दल बारकीने कधी तक्रार केली नाही. लहानपणी ती चेंडू मात्र हटकून याच भिंतीवर आपटायची.

आता अण्णा नव्हते. त्यांचं दुकान बारकी चालवत होती, दुकानामागच्या खोलीतच राहत होती, आणि या घरी पाहुणीसारखी येत-जात होती. आज मात्र तिच्यावाचून कोणाचं चालणार नव्हतं. बागमंडळाची रीतच होती तशी. मंडळातलं कोणी गेलं की पुढच्या हिवाळ्यात त्याच्या परसात सगळ्यांनी जमायचं, एखादं भाषण ऐकायचं, हाताने काहीतरी करून शिकायचं, चहा प्यायचा आणि जाताना त्या माणसाच्या झाडाची एकेक काडी घरी न्यायची. काडी देताना अध्यक्षाने झाडाचं नाव मोठ्याने पुकारायचं. यंदाचा अध्यक्ष दादा. गुलाबावर डोळा भरून कलम कसं करतात ते दाखवणार बारकी, कारण अण्णांचा हात तिच्याकडे आला होता. आणि आई गेले कित्येक दिवस उठता बसता एकच विचारत होती, "धाकटीचं वाटप नीट होईल ना गं?"

बारकीने पानांवरचं दव बोटाने पुसलं आणि पुन्हा पाहिलं. धाकटीच्या एका देठावर पाच पानं असत, गडद, जाडसर. इथे एकेका देठावर सात पानं होती, फिकी आणि बारीक. तिने बुंध्याजवळची माती उकरली. सगळ्या तरण्या फांद्या कलमाच्या गाठीच्या खालून आल्या होत्या.

गुलाब लावणाऱ्याला ही गाठ सांगावी लागत नाही. नावाजलेला गुलाब बहुधा स्वतःच्या पायावर उभा नसतो. खाली रानगुलाबाचा खुंट असतो. त्याची साल चिरून हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, आत बसवतात, आणि डोळा धरला की खुंटाचं वरचं अंग कापून टाकतात. खुंट बिचारा पुढे जन्मभर खालून फुटवे काढत राहतो, ते वेळच्या वेळी खुडावे लागतात. नाही खुडले, तर तो वरच्या पाहुणीला उपाशी ठेवून आपलं घर परत घेतो.

इथे तेच झालं होतं. गाठीच्या वरचं धाकटीचं खोड काळं पडून वाळलं होतं. आणि गेलं वर्षभर सगळं घर खुंटाला धाकटी समजून त्याचे लाड करत होतं! मागच्या बहराला तिला पाच पाकळ्यांची साधी, पांढुरकी फुलं आली, तेव्हा वहिनीने डोळ्याला पदर लावला होता. अण्णा गेल्याच्या दुःखाने हिचा रंग उडाला, असं सगळ्यांचं एकमताने ठरलं. दादाने तर मंडळाच्या सभेत सांगितलं की झाडालाही कळतं, आणि पोस्टातल्या बाई हुंदके देऊन रडल्या.

बारकीला हसू आलं. त्याच्या पाठोपाठ आईचा रोजचा प्रश्न आठवला. आणि या दोहोंच्या मध्ये, अगदी क्षणभर, तिला बरं वाटलं. गेली एकदाची! ते बरं वाटणं तिने घाईघाईने मागे ढकललं, पण आलं होतं ते खरंच.

मग तिला वाळल्या खोडाच्या मागे, भिंतीला टेकून, बोटभर लांबीची एक डहाळी दिसली. देठावर पाच पानं. खालून काळेपणा चढत आला होता, आज ना उद्या तीही जाणार होती. टोकाशी एकच टपोरा डोळा होता. बारकीने डहाळी कापली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. का ठेवली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"अगं, तिथे काय ध्यान लावून बसलीस?" वहिनी कपांचा ट्रे घेऊन पायरीवर आली.

"वहिनी, इकडे ये. आणि ओरडायचं नाही."

"मांजर मेलंय का?"

"धाकटी मेलीय."

वहिनीने ट्रे पायरीवर ठेवला. तिने सगळं ऐकून घेतलं, पानं मोजून पाहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मी त्या खुंटासाठी रडले होते?"

"सगळेच रडलो."

"ऐक माझं. गप्प बस. आईंना नीट दिसत नाही, त्या वाटपाची वाट बघून बसल्यात. आज त्यांचा दिवस जाऊ दे गोड. उद्याचं उद्या पाहू."

"आणि लोक घरी नेऊन लावतील त्याचं काय?"

"लावू देत की. फुलं येईपर्यंत कोणाला कळतंय? आणि आली की म्हणू, दुःख अजून ओसरलं नाही!"

दोघींनाही हसू आवरेना, आणि नेमकी तेव्हाच ताई फाटकातून आत आली. ताई शाळेत शिकवायची. दोन माणसं हसताना दिसली की चौकशी केल्याशिवाय तिला राहवत नसे. बारकीने सांगितलं. ताईच्या चेहऱ्यावर आधी खरंखुरं दुःख उमटलं आणि मग हळूच दुसरंच काहीतरी.

"सगळ्यांसमोर सांगायचं," ताई म्हणाली. "झालंच आहे तर लपवायचं कशाला? मी केव्हाची म्हणतेय, आईला माझ्याकडे पाठवा. इथे एक झाड जगवता आलं नाही यांना."

"झाडाचं माझ्यावर कशाला ढकलता, ताई?" वहिनी फणकारली. "आईंची पथ्यं, औषधं, डोळ्यात थेंब घालणं कोण करतं?"

"मी तुला कुठे काही म्हटलं? मी दादाबद्दल बोलतेय."

"त्यांच्याबद्दल बोललात की ते मलाच लागतं."

आवाज ऐकून दादा आला. दादाचा छापखाना होता. आजची आमंत्रणं त्यानेच छापली होती, आणि काड्यांना बांधायला पत्र्याच्या छोट्या पट्ट्याही. प्रत्येक पट्टीवर वळणदार अक्षरांत 'धाकटी'. एवढं छापून झालेलं खोटं ठरतंय, हे मानायला तो मुळीच तयार नव्हता.

"जास्त पाणी झालं असेल," तो म्हणाला. "पानं बदलतात कधीकधी."

"पाचाची सात होत नाहीत, दादा."

"बारके, तू घड्याळवाली. घड्याळात बघ."

"मग डोळे भरून दाखवायलाही घड्याळजीच कशाला बोलावलास?"

दादा उगीच पट्ट्या चाळत राहिला. मग एकदम पडेल आवाजात म्हणाला, "आज नको गं. अण्णांचं एवढं एकच मागे राहिलंय. आईला काय सांगायचं?"

त्या एका वाक्यासरशी ताईचा राग विरघळला. तीही म्हणाली, "हो, आज नको." मघाशी एकमेकींच्या अंगावर जाणाऱ्या नणंद-भावजया आता दादाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या, आणि तिघंही बारकीकडे बघत होती. घरातले पक्ष असे चहा निवायच्या आत बदलत. बारकीच्या पक्षाला मात्र आज कोणीच उरलं नव्हतं.

तोवर माणसं यायला लागली. धुकं विरळ होत गेलं तशी एकेक आकृती फाटकातून उगवत होती. कोणाच्या काखेत कुंडी, कोणाच्या हातात घडीची खुर्ची. कुठल्याही समारंभाला बादली घेऊनच येणारे खतकाका आले. रिटायर झाल्यावर दात सोडून मुळांच्या मागे लागलेले दातवाले डॉक्टर आले. पोस्टातल्या बाई आल्या आणि थेट झाडापाशी जाऊन त्याला "कशी आहेस?" म्हणाल्या. बारकीने दुसरीकडे पाहिलं.

डॉक्टरांचं भाषण होतं हिवाळ्यातल्या मातीवर. माती झोपते म्हणजे नक्की काय करते, हे ते इतक्या हळुवार आवाजात सांगत होते की पुढच्या रांगेतल्या दोघांनी माना टाकल्या. ऊन कोवळं होतं. भिंतीवरून वाफ निघत होती. कोणीतरी लावलेली पालापाचोळ्याची धुनी आडवी पसरत होती, आणि तिच्या पलीकडे खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली आई कधी दिसत होती, कधी नाही. बारकीला वाटलं, आपण लहान आहोत, भिंतीवर चेंडू आपटतोय, आणि अण्णा न रागावता म्हणतायत, "जरा बाजूला खेळ गं, तिला लागेल." तिला लागेल म्हणायचे, तुला नाही. हे तिच्या इतकं आत बसलं होतं, की आज ते आठवून तिचे डोळे भरून आले.

टाळ्या वाजल्या, झोपलेले जागे झाले आणि दादाने जाहीर केलं, "आता प्रात्यक्षिक."

बारकी टेबलापाशी उभी राहिली. समोर चाकू, ओलं फडकं, बांधायच्या कापडी पट्ट्या आणि सरावासाठी कुंडीतले कोवळे खुंट. वहिनीने डोळ्यांनीच खूण केली, रेट पुढे. बारकीने भिंतीपाशच्या झाडाची एक कापलेली फांदी उचलली. "ही," ती म्हणाली, आणि पुढचं नाव तोंडातून बाहेर पडेना. सगळे वाट पाहत होते. ती टेबलामागून निघाली, सरळ आईच्या खुर्चीपाशी गेली आणि खाली बसली.

"आई, ही धाकटी नाही गं."

दादा मोठ्याने खोकला. आईने हात पुढे करून फांदी घेतली, एका देठावरची पानं बोटांनी एकेक करत चाचपली आणि शेवटच्या पानावर थांबली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "ही माझी आहे."

खुर्च्या करकरल्या. खतकाकांनी बादली खाली ठेवली.

"तुझी म्हणजे?" ताईने विचारलं.

"मी या घरात आले ना, तेव्हा ही माझ्याबरोबर आली. आमच्या कुंपणावर होती. निघताना एक काडी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळली नि मांडीवर घेऊन आले सगळा प्रवास. इथे लावली. छान पसरली होती भिंतीभर." आईच्या आवाजात तक्रार नव्हती, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तशी ती सांगत होती. "मग तुमच्या अण्णांना धाकटीसाठी खुंट हवा होता. म्हणाले, हिची मुळं घट्ट आहेत, हिच्यावरच भरतो. विचारलं हो त्यांनी मला. उगीच खोटं कशाला बोलू? मी हो म्हटलं. काय कापणार आहेत, ते मला कळलं नव्हतं."

लहानपणापासून बारकीने धाकटीची गोष्ट शंभर वेळा ऐकली होती. बी कुठून आलं, पहिलं फूल कधी उमललं, अण्णा भिंग लावून कसे पाहत बसले. ती कशावर उभी आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"खालचे फुटवे खुडायचं काम माझंच," आई म्हणाली. "कात्री लागत नाही त्याला. कोवळा असतो तेव्हा अंगठा फिरवला की निघतो. इतकी वर्षं खुडले. मग हे अंथरुणाला खिळले. त्यांचं करायचं का झाडाचं? एक फुटवा राहून गेला. त्याला कळी धरली. मला दिसली नाही, वास आला. आमच्या कुंपणाचा वास. मग माझा अंगठा काही पुढे होईना."

"आणि आई," वहिनी कळवळून म्हणाली, "आम्ही सगळे झाडाच्या दुःखावर रडत होतो, तेव्हा तरी बोलायचं!"

"तुम्ही इतकं मनापासून रडत होता. मध्ये मोडता कशाला घालायचा?"

मागच्या रांगेत कोणाला तरी हसू फुटलं आणि ते सगळीकडे पसरलं. पोस्टातल्या बाई तर हसता हसता पुन्हा रडायला लागल्या. दादा मात्र हसला नाही. त्याच्या मुठीत पट्ट्या होत्या.

"म्हणजे अण्णांची धाकटी तू मरू दिलीस."

हसणं थांबलं. ताई "दादा!" म्हणाली, पण आईने हात वर केला.

"हो," ती म्हणाली. "दिली. वाईट वाटतं रे. तिलाही मीच पाणी घातलं होतं. म्हणून तर विचारत होते रोज, वाटप नीट होईल ना. मला वाटायचं, कोणीतरी बघेल, कोणीतरी म्हणेल. तुम्ही कोणी बघेचनात."

बारकीचा हात खिशावर होता. रुमाल अजून ओला होता. ती नुसती गप्प राहिली असती तरी संध्याकाळपर्यंत तो डोळा आपोआप सुकला असता, आणि धाकटीची जागा कायमची रिकामी झाली असती. कोणाला कळलंही नसतं. तिला आईकडे बघवेना, दादाकडेही बघवेना. त्याचा चेहरा इतका उघडा पडलेला तिने अण्णा गेले त्या दिवशीच पाहिला होता. तिने रुमाल काढून उलगडला.

"एक डोळा आहे," ती म्हणाली.

दादा खुर्च्या ओलांडून आला. डॉक्टरांनी चष्मा वर करून डहाळी पाहिली, दात पाहायची सवय गेली नव्हती. "जिवंत आहे. पण ही एकच संधी आहे बरं का. कुंडीतल्या कोवळ्या खुंटांच्या भरवशावर नको. तिच्या जुन्याच मुळावर बसव, त्या जाड फांदीवर. धरला की नेहमीसारखं वरचं सगळं छाटून टाकायचं, म्हणजे..."

ते बोलता बोलता थांबले. छाटायचं म्हणजे काय छाटायचं, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

दादाने आईकडे पाहिलं, मग झाडाकडे, आणि खाली मान घातली. "मी काही म्हणत नाही," तो पुटपुटला. दादाच्या तोंडून हे वाक्य घरात पहिल्यांदाच निघालं असावं.

बारकीने डहाळी आईच्या हातात दिली. "तू सांग. बसवू?"

आईने बोटाच्या टोकाने डोळा शोधला. बराच वेळ ती त्याच्यावर बोट ठेवून बसली. धुनी विझत आली होती. कुंपणापलीकडून कोणाची तरी सायकल वाजत गेली.

"बसव," ती म्हणाली. "पण या वेळी वरचं कापायचं नाही."

"अहो, असं कसं?" डॉक्टरांना राहवेना. "वरचं राहिलं तर सगळा जोर तिकडेच जातो. डोळा फुटणारच नाही."

"वाकवीन," बारकी म्हणाली. "वरची फांदी वाकवून आडवी बांधीन. जोर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. दोघींना जरा सावकाश वाढावं लागेल, एवढंच."

डॉक्टरांनी विचार केला आणि खांदे उडवले. "हळू चालेल प्रकरण."

"आम्हाला कुठे घाई आहे?" आई म्हणाली.

तिला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. मंडळ भोवताली गोळा झालं. बारकी गुडघ्यांवर बसली, आणि दुकानात नाजूक घड्याळ उघडताना यायची ती शांतता तिच्या हातांत आली. तिने साल उभी-आडवी चिरली. चाकूच्या मागच्या टोकाने कडा उचलल्या, आत साल ओली आणि पांढरी होती. डोळा सालीसकट बदामासारखा काढला आणि आत सरकवला. फांदी हलू नये म्हणून आईने ती धरून ठेवली होती. फुटवे खुडणारा तिचा अंगठा डोळ्याच्या अगदी खाली टेकलेला होता आणि बारकी त्याच्याभोवतीनं पट्टी गुंडाळत होती.

"लहानपणी तू हिच्यावर चेंडू मारायचीस," आई तिच्या कानाशी म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"मी खिडकीत असायचे. तुला कधी रागावले का?"

बारकीने पट्टीची शेवटची गाठ मारली. ती नीट दिसत नव्हती, तरी बसली.

मग वरची फांदी वाकवून भिंतीलगत बांधली. उरलेल्या फांद्यांच्या काड्या कापायला डॉक्टर आणि खतकाका सरसावले. रानगुलाब काडीवरही सहज लागतो, तेव्हा वाटप अडायचं कारण नव्हतं. अडला दादा. पट्ट्या हातात घेऊन तो उभाच होता. वहिनीने त्याच्या हातातली एक पट्टी काढून उलटी केली. मागची बाजू कोरी होती. दादाने खिशातलं पेन काढलं.

"आई, नाव काय लिहू हिचं?"

"नाव कुठलं? कुंपणावरची ती."

"मंडळात नावाशिवाय काडी देत नाहीत."

आई जरा लाजली. इतक्या माणसांत लाजताना तिला तिच्या मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. "आमच्याकडे सगळे हिला माझीच म्हणायचे. मी तिथेच खेळत बसायचे ना. मग मला हाक मारायचे तेच हिचं नाव."

"काय हाक मारायचे?"

"चिंगी."

"काय?" दादाने पुन्हा विचारलं. त्याने ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. ताईनेही, बारकीनेही.

"चिंगी रे. लिही."

दादाने लिहिलं. छापखान्याचा मालक, पण अक्षर वेडंवाकडं आलं. एकेक पट्टी उलटी करून तो लिहीत गेला, ताई आणि वहिनी शेजारी बसून त्या काड्यांना बांधत गेल्या. मग तो उठला, घसा साफ केला, रीतीप्रमाणे पहिली काडी उंच धरली आणि अध्यक्षाच्या आवाजात पुकारलं,

"चिंगी!"

भिंतीपाशी, झाडाला हात लावून उभ्या असलेल्या आईने मान वळवली आणि लगेच ओ दिली.